ट्रकच्या इंजिनाचं हेड पाच महिन्यांत तीनदा उघडलं, त्याची गोष्ट

18 एप्रिल 2024. दुपारी अडीचच्या सुमारास ड्रायव्हरचा फोन आला. "भाऊ, काटा लालमधी गेला. बाजूले लावली गाडी. पाणी फेकून राहिली."

नागपूरजवळच्या कापसीच्या गोदामातून माल भरून गाडी जबलपूरला निघाली होती आणि कुरई घाटात उभी राहिली होती. मी वाडीला एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात हिशेब लिहितो, ट्रक हा माझा जोडधंदा. ऑफिसात बसून मी पहिला प्रश्न विचारला तो, "माल बरोबर आहे ना?" एप्रिलच्या उन्हात तो माणूस रस्त्यावर उभा होता आणि मला मालाची पडली होती. त्याने मात्र शहाणपण केलं होतं. तापमानाचा काटा चढताच इंजिन बंद केलं आणि रेडिएटरचं झाकण उघडायला गेला नाही. तापलेल्या इंजिनाचं झाकण उघडून हात-तोंड भाजून घेतलेले दोघे जण मी स्वतः पाहिलेत.

गाडी 2016 ची, दहा चाकी, सहा सिलिंडरचं टर्बो डिझेल इंजिन, वेट लायनरवालं, म्हणजे सिलिंडरची आतली बाही (लायनर) वेगळी बसवलेली आणि तिच्या बाहेरून पाणी फिरतं असं. ऑक्टोबर 2022 मध्ये सेकंड हँड घेतली. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण दोष कंपनीचा नव्हता. बराचसा माझाच होता, ते पुढे येईलच.

माल दुसऱ्या गाडीत पलटवला आणि आमची गाडी टोचन करून नागपूरला आणली. त्यातच 9,000 गेले, दुसऱ्या गाडीचं भाडं वेगळं. नेहमीच्या मिस्त्रीने हेड, म्हणजे इंजिनाच्या ब्लॉकवरचं झाकण, काढलं आणि दोघांच्या मधलं काळं पडलेलं गॅस्केट, म्हणजे गॅस-पाणी अडवणारी पातळ चादर, दाखवलं. "हीट झाली ना शेठ, उडालं. एप्रिल आहे." मलाही पटलं. नागपूरच्या उन्हाळ्यावर कशाचंही खापर फोडता येतं. हेड फेसिंगला, म्हणजे घासून सपाट करायला, गेलं, नवा गॅस्केट सेट बसला. सेट 7,200, फेसिंग 2,600, मजुरी 9,000, ऑइल-पाणी 5,500. एकूण 24,300. आठ दिवसांत गाडी परत रस्त्यावर.

विम्यातून काही मिळेल म्हणून एजंटला फोन केला. तो म्हणाला, अपघात असेल तर बोला, इंजिन आपोआप बिघडलं तर मोटार पॉलिसीत काही मिळत नाही. पॉलिसीच्या अपवादांत तसं स्पष्ट छापलेलं असतं. मी ते पान पहिल्यांदा तेव्हा वाचलं.

जूनच्या मध्यापासून ड्रायव्हर सांगायला लागला, "दर फेरीले दोन लिटर पाणी टाकावं लागते." खाली कुठे थेंब नाही, ऑइलही साफ. मी म्हटलं, उन्हाने उडत असेल. बंद यंत्रणेतलं पाणी उन्हाने उडत नाही. ते बाहेर दिसत नसेल तर सिलिंडरमध्ये जातंय, किंवा सिलिंडरमधला गॅस पाण्यात शिरून त्याला ओव्हरफ्लोच्या नळीतून ढकलतोय. तुमच्या गाडीत बाहेर गळती नसताना पाणी कमी होत असेल तर थांबू नका. मी दहा दिवस थांबलो.

22 जूनला परत येताना देवलापारजवळ काटा पुन्हा वर. म्हणजे नवं गॅस्केट दोन महिनेही टिकलं नाही. या वेळी मिस्त्री बदलला. नवा मिस्त्री जुन्याला शिव्या घालत कामाला लागला, ही या धंद्याची रीतच आहे. "हलकं गॅस्केट टाकलं होतं," हे त्याचं निदान. मूळ कंपनीचं टाकलं, हेड पुन्हा फेसिंगला गेलं. बोल्ट कसताना त्याने पान्याला चार फुटी पाइप लावला आणि त्याचा पोट्टा त्या पाइपाला लोंबकळला. मी शेजारी उभा राहून कौतुकाने बघत होतो. बिल 21,800.

या दोन बिलांत एक गोष्ट नव्हती, ती मला फार उशिरा कळली. दोन्ही वेळा फेसिंग झालं, पण हेडवरून किती धातू काढला हे कुणी लिहून दिलं नाही. हेडच्या जाडीला कमीत कमी मर्यादा असते. प्रत्येक फेसिंगला ते पातळ होतं आणि एका टप्प्यानंतर भंगारात जातं. बिलावर "किती काढलं" हा आकडा लिहून घ्या, दुकानदार कुरकुरला तरी.

तिसऱ्या वेळेपर्यंत मी थोडा शहाणा झालो होतो. रोज रात्री मोबाइलवर शोधायचो. मराठीत जवळपास काही सापडलं नाही, हिंदीत व्हिडिओ ढीगभर, पण बहुतेकांत गॅस्केट बदलून दाखवायचं आणि संपलं. त्यातून दोन तपासण्या मात्र शिकलो.

पहिली फुकट आहे. रात्रभर उभ्या गाडीचा रेडिएटरचा वरचा होज, म्हणजे रबरी नळी, सकाळी, सुरू करायच्या आधी, हाताने दाबायचा. थंड इंजिनाचा होज मऊ लागला पाहिजे. थंड असूनही टणक लागला, तर आदल्या दिवशी शिरलेला गॅस आत कोंडलेला असू शकतो. 29 ऑगस्टला कापसीत लोडिंगच्या आधी दाबला, तर सायकलच्या टायरसारखा टणक. दुसरी तपासणीही लगेच केली. इंजिन पूर्ण गार असताना झाकण उघडलं, पाणी काठोकाठ भरलं, फॅन बेल्ट काढला म्हणजे वॉटर पंप फिरणार नाही आणि पाणी हलणार नाही. मग इंजिन सुरू केलं. मिनिटभरातच बारीक बुडबुड्यांची माळ वर यायला लागली, भाताच्या आधणासारखी. पाणी अजून कोमटही नव्हतं, म्हणजे ही उकळी नव्हती. ही तपासणी एक-दोन मिनिटांवर लांबवू नका. पंप बंद असतो, इंजिन तापतं.

गाडी रिकामीच परत आणली. टोचनचे पैसे वाचले एवढंच समाधान. हेड उघडून झालं आणि 2 सप्टेंबरला पोळा आला, 3 ला तान्हा पोळा आणि मारबतीच्या पुतळ्याची मिरवणूक. गॅरेज बंद, पोट्टे सगळे मिरवणुकीत. मीही इतवारीत गर्दीत उभा होतो. लोक ओरडत होते, "रोगराई घेऊन जा गे मारबत!" माझ्या तोंडून निघून गेलं, "हेड गॅस्केट घेऊन जा गे मारबत!" शेजारचा एक जण वळून माझ्याकडे बघतच राहिला.

त्या रात्री मी एक काम केलं, ते एप्रिलमध्येच करायला हवं होतं. पहिलं गॅस्केट नमुना म्हणून दुकानात नेलं होतं, ते केबिनमध्ये सीटमागे पडून होतं. दुसरं मिस्त्रीच्या भिंतीवर खिळ्याला टांगलेलं, ते मागून आणलं. तिसरं ताजं. तिन्ही घरच्या ओट्यावर एकाखाली एक ठेवली आणि ट्यूबलाइट लावली. सौ. म्हणाली, "अहो, आता हे काय मांडलं?" मी तिलाच विचारलं, यात सारखं काय दिसतं? तिला इंजिनातलं ओ की ठो कळत नाही. तिने दहा सेकंदांत बोट ठेवलं. "तिन्ही इथंच जळलीत."

गॅस्केटवरची पाच नंबरच्या सिलिंडरभोवतीची कडी, सहा नंबरच्या बाजूला. तिन्ही ठिकाणी तोच काळा ओघळ, कडीपासून पाण्याच्या भोकापर्यंत. तीन वेगवेगळी गॅस्केट, दोन मिस्त्री, आणि जागा बोटभरही हललेली नाही. नुसत्या हीटने उडालं असतं तर दर वेळी तिथंच कसं? गॅस्केट हलकं असतं तर मूळ कंपनीचंही त्याच जागी कसं? जुनं गॅस्केट कधी फेकू नका. मार्करने तारीख, किलोमीटर आणि पुढची बाजू लिहून ठेवा.

दुसऱ्या दिवशी तिन्ही घेऊन गॅरेजात गेलो. मिस्त्री म्हणाला, मग ब्लॉकच गेला असेल, जुन्या बाजारातून दुसरा घ्या, सत्तर हजारांत बसवून देतो. मी जवळपास हो म्हणणार होतो. तेव्हा ऑफिसातल्या कागदपत्रांच्या माणसाने विचारलं, "इंजिन नंबर कुठे असतो, माहीत आहे ना?" ब्लॉकवर. ब्लॉक बदलला की नंबर बदलतो, तो आरसी बुकावर चढवावा लागतो. त्यासाठी आरटीओत अर्ज, आणलेल्या ब्लॉकचं खरेदीबिल, गाडीवर कर्ज असल्यामुळे फायनान्स कंपनीचं ना हरकत पत्र, मग विम्यात दुरुस्ती. हे न करता गाडी चालवली आणि अपघात झाला, तर क्लेमच्या वेळी नंबर जुळत नाही. आणि जुन्या बाजारातल्या ब्लॉकचं धड बिल मिळणं हीच मोठी अडचण. शिवाय माझ्या गाडीची फिटनेस, म्हणजे ती रस्त्यावर चालवण्याजोगी असल्याचा आरटीओचा दाखला, 7 ऑक्टोबरला संपत होती. आठ वर्षं झालेल्या गाडीला ती दर वर्षी करावी लागते. नंबरच्या भानगडीत ती अडकली असती. ब्लॉकचा विचार सोडला.

याच चौकशीत कळलं की गाडी बराच काळ उभी राहणार असेल तर नॉन-यूजची, म्हणजे गाडी वापरात नसल्याची, सूचना देऊन त्या काळाचा कर वाचवता येतो, पण ती आधी द्यावी लागते. मी विचारायला गेलो तेव्हा गाडी आधीच उभी होती. 31,400 चा हप्ता मात्र दर महिन्याच्या 5 तारखेला न विसरता कापला जात होता.

आता मला मोजणारा माणूस हवा होता. ऑफिसातल्या एकाच्या ओळखीने एसटीच्या हिंगणा वर्कशॉपातून निवृत्त झालेले एक फोरमन काका मिळाले. फोनवर त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तू तीनदा चादर बदलली. खाट वाकडी आहे का ते कोणी पाहिलं का?"

6 सप्टेंबरला, गणपती बसायच्या आदल्या दिवशी, ते आले. हातात कापडी पिशवी, तिच्यात डायल गेज (बारीक उंची मोजणारं घड्याळासारखं माप), सरळपट्टी, फीलरची पानं (फट मोजायची) आणि जुन्या धोतराच्या चिंध्या. मिस्त्रीचं तोंड वाकडं झालं, ते मी चहावर निभावलं. काकांनी पहिला तास नुसती पुसापुशी केली. ब्लॉकचा माथा डिझेलच्या चिंधीने, मग कोरड्या चिंधीने. जुन्या गॅस्केटचा कण राहिला तर मोजमाप खोटं येतं, म्हणाले. सरळपट्टी आडवी-तिरपी ठेवून पाहिली, ब्लॉक सपाट होता. मग मला म्हणाले, "डोळे मिट. आणि ब्लॉकवरून लायनरच्या कडेकडे नख ने."

वेट लायनर ब्लॉकच्या माथ्यापेक्षा केसाएवढा वर असावा लागतो. तेवढ्यानेच गॅस्केटची कडी त्याच्यावर घट्ट दाबली जाते आणि सिलिंडरमधला जाळ आत राहतो. एक नंबरला नख अडलं. दोनला अडलं, तीनला, चारला. पाचला नख सरळ घसरत आत गेलं. मी डोळे उघडले, परत फिरवलं. परत घसरलं. सहाला पुन्हा अडलं.

मग डायल लावला. लायनर आधी बोल्ट आणि वॉशरने खाली दाबून घेतले, नाहीतर खालच्या रबरी रिंगांमुळे ते थोडे वर राहतात आणि आकडा फसवा येतो. काका वाचत होते, मी ऑफिसच्या डायरीत लिहीत होतो. 0.06, 0.05, 0.06, 0.05, मग 0.01, मग पुन्हा 0.05. मिलिमीटरमध्ये. माझ्या इंजिनाच्या मॅन्युअलमध्ये 0.03 ते 0.08 दिलं आहे. तुमच्या इंजिनाचा आकडा वेगळा असेल, तुमचंच मॅन्युअल बघा. म्हणजे पाच नंबर शेजाऱ्यांपेक्षा चार शतांश खाली होता. 46,100 रुपयांची दोन बिलं, टोचन, बुडालेली भाडी आणि घरातली चिडचिड, सगळं त्या चार शतांशात.

लायनर ओढून काढला तेव्हा कारणही दिसलं. ब्लॉकमध्ये ज्या पायरीवर लायनरचा खांदा बसतो ती पायरी एका बाजूने झिजलेली, गंजाने खाल्लेली. आधी कधीतरी कुणीतरी लायनर बदलताना ती साफ न करता नवा लायनर ठोकला असावा. मग इंजिन चालताना लायनर तिथं बारीक हलत राहिला. हलला की पायरी झिजते, झिजली की अजून हलतो.

काका इथं थांबले नाहीत, आणि मला अवघड झालं. "हा खाली गेला हे खरं. पण इतक्या लवकर उडालं काहून? जोर कोणी वाढवला?" तेव्हा मी कबूल केलं. गाडी घेतल्यावर घाटात ओढत नाही म्हणून मीच इंजिनाच्या डिझेल पंपाचं काम करणाऱ्याकडून डिझेल वाढवून आणि टायमिंग, म्हणजे डिझेल फवारायची वेळ, थोडं पुढे (लवकर) करून घेतलं होतं. 1,500 रुपयांत गाडी पळायला लागली, मी खूश. टायमिंग पुढे गेलं की सिलिंडरमधला दाब वाढतो, आणि तो नेमका कमजोर कडी शोधतो. दुसरी करामत आधीच्या मालकाच्या काळातली. थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी तापलं की रेडिएटरची वाट उघडणारी झडप, जागेवर नव्हता. गाडी गरम होते म्हणून काढून टाकायची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे. माझ्या इंजिनात थर्मोस्टॅट उघडताना बायपासची, म्हणजे रेडिएटर टाळून जायची, वाट बंद करतो. तोच नसला तर बरंच पाणी रेडिएटरला न जाता आतल्या आतच फिरतं. त्यात बोरचं पाणी वापरल्याने रेडिएटरच्या नळ्यांत क्षार. काका प्रत्येक गोष्ट बोटावर मोजत होते आणि मिस्त्री हळूहळू जवळ सरकून ऐकायला लागला होता.

पायरी कापून सारखी करायचं हत्यार ब्लॉकवर बसवून जागेवरच काम करणारा माणूस गणपतीमुळे 14 सप्टेंबरला आला. पायरी सपाट कापली, जेवढी कापली तेवढी भरून काढायला खाली पोलादी शिम (पातळ चकती) घातली. एका सिलिंडरचे 9,500. महाग वाटले, पण सत्तर हजारांच्या ब्लॉकपुढे काहीच नाही. नवा लायनर-पिस्टन संच 8,200. बसवून पुन्हा मोजलं, 0.06. काकांनी ते चार ठिकाणी मोजून घेतलं, एका ठिकाणी बरोबर येणं पुरत नाही म्हणाले.

हेड प्रेशर टेस्टला पाठवलं, तडा नव्हता. जाडी मर्यादेपेक्षा जेमतेम वर. दोनदा झालेलं फेसिंग मुळात गरजेचं होतं का, हे आता कळायला मार्ग नाही. या वेळी अगदी हलका हात फिरवला आणि मी आकडा बिलावर लिहून घेतला. बोल्ट सगळे नवे, 6,400. पाइप लावून ताणलेले जुने बोल्ट लांबीला एकसारखे राहिले नव्हते, शेजारी शेजारी उभे केले तर नुसत्या डोळ्यांना दिसत होतं. भोकांतलं ऑइल-पाणी हवेने उडवून काढलं. भोकाच्या तळाशी पाणी राहिलं तर बोल्ट पाण्यावर अडतो आणि पाना "कसला" म्हणून खोटं सांगतो. 21 सप्टेंबरला टॉर्क पान्याने, म्हणजे किती जोर लागला ते दाखवणाऱ्या पान्याने, मधून बाहेरच्या क्रमाने, टप्प्याटप्प्याने कसलं आणि शेवटी कोन मोजून पुढे फिरवलं. टॉर्क पाना काकांनी मिस्त्रीच्या हातात दिला, स्वतः नुसते आकडे सांगत राहिले. पोट्ट्याने पाइप कोपऱ्यात ठेवला.

पंप-नोझल कंपनीच्या मापावर परत आणायला 11,000, रेडिएटर रॉडिंग (नळ्या साफ करणं) 4,500, गॅस्केट सेट 7,600. थर्मोस्टॅट, कूलंट, ऑइल-फिल्टर वगैरे 10,500. हेडचं काम 4,300, मजुरी 17,500. एकूण 79,500. काकांनी पैसे घ्यायला नाही म्हटलं, शेवटी सौ.ने पाकीट त्यांच्या पिशवीत चिंध्यांखाली टाकलं.

पहिले दोन दिवस गाडी शहराबाहेर रिकामी फिरवली, तिसऱ्या दिवशी अर्धा लोड. 30 सप्टेंबरला फिटनेसची अपॉइंटमेंट मिळाली होती. एक इंडिकेटर बंद निघाला म्हणून परत जावं लागलं, बाकी काम झालं.

गाडी आता घाटात पूर्वीसारखी पळत नाही. ड्रायव्हर महिनाभर कुरकुरला, "म्हशीसारखी चढते." त्याला डायरीतले आकडे दाखवले, तर म्हणाला, बरं भाऊ, म्हैसच बरी. फेब्रुवारीत एकदा पुन्हा पाणी कमी झालं आणि माझ्या पोटात गोळा आला. होज मऊ होता, बुडबुडे नव्हते. वॉटर पंपाचं सील गेलं होतं, तीन तासांचं काम निघालं.

18 मे 2025 ला मी स्वतः गाडीत बसून कुरई घाट चढलो, भर दुपारी, पूर्ण लोड. काटा मध्यापाशी थांबून राहिला. तीन गॅस्केटपैकी एक मिस्त्रीने मागून नेलं आणि पुन्हा त्याच खिळ्याला टांगलं, आता नव्या गिऱ्हाइकाला तेच दाखवून लायनर मोजायचे वेगळे पैसे लावतो. दोन माझ्याकडे आहेत. वाडीला जाताना सकाळी मी आधी गाडीपाशी जातो, बॉनेटखाली हात घालून वरचा होज दाबतो. आज सकाळीही दाबला. मऊ होता.